कुकरवरचं नाव

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. आत्ता लिहितानासुद्धा अर्धं लक्ष दुकानाच्या दाराकडे आहे — वहिनींची डबा घेऊन यायची वेळ झाली, आणि मी नेमका आत्ताच कागद पुढे ओढलाय.

केजला आमचं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने घेतलेल्या भांड्यावर मशीनने नाव घालून देणं, हे माझं काम. त्याहून जास्त नाव होतं ते शब्दकोड्यासाठी. रविवारच्या पेपरातलं कोडं हा चहा निवायच्या आत सोडवतो, असं बाजारपेठेत म्हणायचे. मी म्हणू द्यायचो. सोडवायचं कोण? वहिनी. थोरल्या भावाची बायको, शाळा सातवीत सुटलेली. भाकरी थापता थापता त्यांना आडवे-उभे शब्द सुचायचे.

चुकेल म्हणून त्या पेन्सिलीने लिहायच्या, अगदी पुसट. मी दुकानात आलो की त्यावर पेन फिरवायचो, खाली माझं नाव टाकायचो आणि कूपन पेपरवाल्याकडे द्यायचो. त्यांची कधी तक्रार नव्हती. एकदाच म्हणाल्या, "भावजी, या टायमाला माझं नाव टाका की. छापून कसं दिसतंय, बघू तरी."

मी त्यांच्यादेखत त्यांचं नाव लिहिलं. पेन्सिलीने — पेन खिशाला असताना. तेव्हाच मनात पाप होतं का? अकरा वर्षं झाली, मला सांगता येत नाही.

दुकानात आलो. कोडं सगळं बरोबर होतं, ते मला कळत होतं. समोर नेहमीची मंडळी बसलेली. मी खोडरबर घेतलं. एवढंच — दोनदा फिरवलं आणि नाव गेलं.

पुढच्या रविवारी पेपरात उत्तर आलं, शेजारी विजेता म्हणून माझं नाव. बक्षीस कुकर. वहिनींनी हळूच विचारलं, माझ्या कूपनाचं काय झालं? माझं उत्तर तयार होतं — मी स्टँडवरून दुसरा पेपर घेऊन माझं कूपन वेगळं दिलं होतं, तुमच्यात एक शब्द चुकला. त्या छापलेल्या उत्तराकडे बघत राहिल्या.

"मला वाटतंय, मी हेच लिवलं व्हतं."

"नाही वहिनी. शेवटी तुम्ही ते खोडलंत."

किती सहज बोललो मी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे. "आसंल," म्हणाल्या. भांडल्या असत्या तर? निदान एकदा खोटारडा म्हणाल्या असत्या तर? पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, स्वतःवर नाही.

भाऊ म्हणाला, कुकरवर नाव घाल. मी माझं घातलं. मशीनखाली हलू नये म्हणून वहिनींनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. आमच्या घरचं वरण अजून त्यातच शिजतं.

त्या दिवसापासून वहिनी सगळं दोनदा विचारतात. मीठ टाकलं का, कडी लावली का, मी आसंच म्हणले व्हते ना? घरातले चिडवतात, वहिनींना काही ध्यानात राहत नाही. मीही हसतो. आधी मला त्यांना कळेल याची धास्ती होती. आता भीती वाटते ती याची, की त्यांना कधीच कळणार नाही.

परवाच्या रविवारी पेपर पुढे घेऊन बसल्या होत्या. एक शब्द लिहिला आणि माझ्यापुढे धरला. "बघा बरं भावजी, बरोबर हाय का?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

त्यांनी थोडा वेळ विचार केला, आणि तो पुसून टाकला.

बरोबरच होता. तेव्हाचाही.