विश्वासी आणि विश्वस्त

कांजूरमार्गच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचा मी विश्वस्त आहे, एकदम कायदेशीर. सहीच्या जागी माझा अंगठा आहे, ती गोष्ट वेगळी. तो अंगठा ज्यांनी उठवून घेतला ते शांतवनकाका महिन्यापूर्वी गेले. फोन आला तेव्हा मी अर्धी दाढी करून बसलो होतो, तसाच धावलो. अर्ध्या दाढीने अंत्यविधीला उभा राहिलेला माणूस म्हणून आता लोक मला ओळखतात...

आमचं चर्च म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या, मधली भिंत पाडून केलेला हॉल. घेतला सगळ्यांनी मिळून, पण कागदावर नाव काकांचं एकट्याचं. म्हातारपणी त्यांनी हट्टच धरला, मंडळीचा ट्रस्ट करायचा आणि हॉल ट्रस्टच्या नावावर करायचा. मला म्हणाले, "तू विश्वस्त हो." मी म्हटलं, "काका, माझा बाप्तिस्मा कधीच झालाय, मी विश्वासी आहेच की!" त्यांनी कपाळाला हात लावला. "विश्वासी देवासाठी रे. विश्वस्त कोर्टासाठी." तरी मी वाद घातलाच, देवाच्या घराला कसली नोंदणी? तेव्हा ते थकून म्हणाले, "माणूस मरतो, बाबा. मंडळीला स्वतःचं नाव असलं तर ती नाही मरत." मग नोंदणीच्या ऑफिसच्या फेऱ्या सुरू. मी सोबत जायचो आणि तिथल्या बाकावर झोपायचो. शेवटचा कागद हातात आला तोवर काकांना जिना चढवत नव्हता...

ते गेले आणि पंधरवड्यात बिल्डरचा माणूस आला. चाळ पाडून टॉवर होणार. काकांचा मालाडचा मुलगा त्याला आधीच भेटून आलेला, हॉलच्या जागी मला फ्लॅट द्या म्हणून. मी बिल्डरच्या माणसापुढे ट्रस्टची फाईल धरली, तीही उलटी. त्यानेच सरळ केली, वाचली आणि म्हणाला, "मालक तर मंडळी आहे. मग मुलाचा काय संबंध? मंडळीला हॉलच द्यावा लागेल." बस, एवढंच. भांडण नाही, काही नाही. मी मात्र घरी जाऊन नुसता पडून राहिलो.

परवा उपासनेनंतर दाराजवळच्या काकांच्या खुर्चीत जरा टेकलो. पाठीमागच्या उशीला अजून त्यांच्या बामचा वास येतो. त्यांची बायको, रूथकाकू, समोर चटया गुंडाळत होत्या. मी म्हटलं, "काकू, काळजी करू नका. काका गेले तरी मी आहे ना!"

काकू मान वर न करता म्हणाल्या, "तू आहेस म्हणूनच त्यांनी आणखी सहा विश्वस्त घेतले. ऊठ, चटई उचल."