ओवा-मिठाचा शेक
तव्यावर ओवा भाजल्याचा उग्र वास आला, की मला अजून माझ्या धाकट्या जावेचा राग येतो. त्या दुष्काळात जनावरं छावणीत गेली, गावातल्या दूध सोसायटीला कुलूप लागलं आणि सासूबाई अन् आम्ही दोघी जावा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागलो. संध्याकाळी सासूबाईंची कंबर धरायची. मी चुलीत वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेकायचे. वीट ऊब पुष्कळ वेळ धरते, पण ती आपली ताठच राहते, कमरेच्या खळग्यात उतरत नाही. धाकटी मात्र मीठ आणि ओवा भाजून पुरचुंडी बांधायची, ती अंगाच्या वळणाने बसायची. सासूबाई सगळ्या गल्लीला सांगायच्या, “धाकटीच्या हाताला लई गुण हाय.” हाताला कसला, गुण होता मिठाला. एकदा धाकटी टँकरच्या पाण्याला गेली, तेव्हा मी तेच मीठ, तोच ओवा, तिचंच फडकं घेतलं आणि पालथ्या निजलेल्या सासूबाईंची कंबर न बोलता शेकायला लागले. त्यांनी डोळे मिटूनच सुस्कारा सोडला. “लई बरं वाटलं गं धाकटे. थोरलीला काय असलं जमत न्हाई.” पुरचुंडी पार गार होईपर्यंत मी ती तशीच दाबून धरली. आता माझे गुडघे दुखतात, दोन्ही सुना आळीपाळीने शेकतात, पण कितीही बरं वाटलं तरी मी डोळे मिटत नाही.