काविळीच्या पाल्याचे आठ मार्क

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रोफेसराचा मला अजून राग येतो. तो माणूस केव्हाच गेला असेल, पण राग काही त्याच्याबरोबर गेला नाही. आणि खरं सांगू का, त्यातला निम्म्याहून जास्त राग माझा माझ्यावरच आहे.

लढाईचे दिवस होते. मानोऱ्याकडच्या आमच्या खेड्यातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. सहामाहीत वनस्पतिशास्त्रात सात मार्कांनी आपटलो. नियम असा, की सहामाहीत जो नापास, त्याला वार्षिक परीक्षेचा फॉर्मच भरू द्यायचा नाही. म्हणजे वर्ष बुडालं! वडिलांनी तर आधीच बजावलं होतं, "नापास झाला त सिधा वखरावर ये." तेव्हा प्रोफेसरानं आम्हा नापासांवर मेहेरबानी केली. दिवाळीच्या सुटीत आपापल्या गावची दहा झाडं गोळा करायची, वाळवून वहीत चिकटवायची, खाली गावठी नाव, कोणत्या दुखण्यावर देतात, किती देतात ते लिहायचं. त्याचे दहापैकी मार्क सहामाहीत जादा धरायचे. "बाभूळ, कडुनिंब मला नकोत," तो म्हणाला. "पुस्तकात नाही ते आणा."

नऊ झाडं मी दोन दिवसांत गोळा केली, पण सगळी शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली. पुस्तकात नसलेलं एकच होतं, आणि ते आमच्याच घरात होतं. माझी मोठी माय, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, काविळीवर पाला देत असे. केनवडहून, कारंज्याहून लोक पिवळे डोळे घेऊन आमच्या ओसरीवर येत. ती पहाटे एकटी रानात जायची आणि पाला वाटून, गोळी करूनच बाहेर आणायची. झाड कोणतं, ते घरातही कोणाला माहीत नव्हतं. पैसा घ्यायचा नाही आणि दारी आलेल्याला परत पाठवायचं नाही, एवढंच आम्ही ऐकून होतो.

मी तिच्या हात धुऊन मागे लागलो.

"मोठे माय, सांग ना व. माह्या वर्षाचा सवाल हाय."

"असं सांगता येत नाई बाप्पा ते."

"कायले नाई? मी काय बजारात इकून राह्यलो?"

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुले पाह्यजेच काय? पक्कं?"

"पक्कं."

"मंग सकाळी आंग धू अन् उपाशी चाल माह्यासंगं."

तिनं झाड दाखवलं. माझ्या हातानं त्याला हळद-तांदूळ वाहायला लावले, माझ्याकडूनच पाला तोडवला, चिमटीत किती घ्यायचा ते तीनतीनदा करून दाखवलं. मी आपला मनात वहीची ओळ जुळवत होतो. एकदा तरी विचारावं, की मोठे माय, एवढं सगळं कायले? नाही विचारलं. शिकलेला ना मी!

सुटी संपल्यावर प्रोफेसरानं माझी वही वर्गात वाचून दाखवली. 'उपाशी पोटी', 'हळद-तांदूळ वाहून' हे शब्द त्यानं मुद्दाम नाकात वाचले, आणि पोरं फिदीफिदी हसली. मग म्हणाला, "अडाणीपणा आहे, पण नमुना उत्तम." उपयोगाच्या ओळीवर लाल शाईनं फुली मारली आणि आठ मार्क दिले. अरे, ज्या बाईनं जन्मात कोणाकडून पैसा घेतला नाही, तिच्यावर फुली मारणारा तू कोण रे? हे मी आज म्हणतो. तेव्हा मीही हसलो. सगळ्यांबरोबर दात काढून हसलो, कारण मला फॉर्म भरायला मिळणार होता.

होळीला घरी गेलो तेव्हा ओसरीवर एक माणूस बायकोला घेऊन बसला होता. बाईचे डोळे हळदीसारखे पिवळे. आत मोठी माय भाकरी थापत होती.

"लोकं बसून राह्यले बाहेर. पाला नाई आनला?"

"मले आता देता येत नाई."

"काहून?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "काहून म्हंजे? तुले देल्ला ना मी. ज्यानं सांगतलं त्याच्या हातचा गुन सरते. ज्यानं घेतलं त्यानं द्या लागते. माह्या सासूनं मले देल्ला, मंग तिनं मरेस्तोवर हात नाई लावला. दिवाळीपासून किती आले अन् गेले. मी सांगतो सगळ्याइले, पोट्टा कालेजात हाय, येईन तवा देईन."

माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो. तिच्यावरच ओरडलो! "हे आंधी काहून नाई सांगतलं? पाला तोच हाय ना? तूच दे! सारा येडेपना हाय हा!"

"मी तुले इचारलं होतं ना बाप्पा, पक्कं काय म्हनून," ती शांतपणे म्हणाली. पिठाचे हात धुतले आणि ओसरीवर जाऊन त्या माणसाला म्हणाली, "आला पाहा आमचा पोट्टा. आता तो देते."

तो माणूस माझ्या दुप्पट वयाचा. उठला आणि सरळ माझ्या पाया पडला.

मी त्याला सांगितलं, बाईला वाशीमच्या दवाखान्यात ने. चिमटीत पाला किती घ्यायचा, ते मला आठवतच नव्हतं, आणि आत्ताच जिच्यावर ओरडलो तिला विचारायला तोंड नव्हतं. ते वहीत लिहिलेलं होतं, आणि वही प्रोफेसरानं ठेवून घेतली होती.