तेलात कालवलेला शेंदूर

किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या होडीच्या मागे बसून बाबी मिस्त्रींनी वाटीत तेल ओतलं आणि त्यात शेंदूर कालवला. पूजा असणार, म्हणून मी चपला काढल्या. पण मिस्त्रींनी तो शेंदूर इंजिनाच्या शाफ्टच्या निमुळत्या टोकाला फासला, त्यावर होडी पुढे ढकलणारा पितळी पंखा दाबून बसवला आणि लगेच उपसून काढला. पंख्याच्या भोकात एकाच बाजूला लाल डाग उमटला होता.

"एकाच बाजून टेकता," म्हणत ते भोक घासायला लागले.

होडीच्या मालकीणबाई शेजारीच उभ्या होत्या. गेल्या वर्षी भर समुद्रात पंखा गळून पडला आणि त्यांचा नवरा होडीसकट दिवसभर वाहत गेला होता.

"नट आवळून घट्ट नाय होणा?" त्यांनी विचारलं.

"नट नुसती राखण करता, वयनी. धरूक आतून टेकाक होया."

चौथ्या खेपेला भोक आतून सगळं लाल झालं. मी विचार करत राहिलो, माझेही कितीतरी संबंध असे नट आवळून ठेवलेले आहेत. ते आत कुठे टेकतात, हे बघायला कुठला शेंदूर लावायचा?

मिस्त्रींनी शाफ्टवरचा आणि भोकातला सगळा शेंदूर फडक्याने पुसला. "मधी काय रवाक नको," म्हणाले. पंखा बसवला, नट आवळला, पिन मारली.

मालकीणबाईंनी वाटीतला उरलेला शेंदूर बोटावर घेऊन पंख्याला टेकवला आणि हात जोडले. मी चपला काढायला वाकलो, तर त्या मघापासून काढलेल्याच होत्या.