पंचाक्षरी अण्णांची स्वच्छ पुस्तकं

पंचाक्षरी अण्णांशी माझी ओळख झाली ती त्यांची बोलणी खाऊन. साल एकोणीसशे चोवीस. सोलापुरातल्या एका कापडगिरणीच्या हापिसात मी टायपिस्ट म्हणून लागलो आणि पहिल्याच दिवशी चहाची बशी त्यांच्या टेबलावर टेकवली. "वहीपासून हातभर लांब," एवढंच ते म्हणाले, आणि पुढं आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही काही कमी नव्हतो. आठवडाभर मी त्यांच्या तपकिरीवर शिंकत राहिलो.

माणूस अक्कलकोटकडचा, लिंगायत. घरात कानडी, हापिसात मराठी आणि वहीत इंग्रजी. कपाळाला विभूती, अंगात कोपरावर ठिगळ लावलेला कोट. अक्षर मात्र असं की, छापखान्यानं लाजावं. खाडाखोड त्यांना माहीतच नव्हती. चूक झाली तर अख्खं पान पुन्हा लिहितील आणि त्या दिवशी जेवायला घरी जाणार नाहीत.

त्यांच्याकडं दोन वह्या असायच्या. एक गिरणीची आणि दुसरी एजंटांची. मुंबईची एक एजंट कंपनी आमची गिरणी चालवायची. तीच कापूस घ्यायची, तीच कापड विकायची आणि त्याबद्दल भरपूर कमिशन कापून घ्यायची. एजंटांचा सोलापुरातला माणूस तोच गिरणीचा मॅनेजर. त्या एजंट कंपनीचे बहुतेक शेअर पुन्हा लंडनच्या एका पेढीकडं होते. तिचा पैसा ब्रह्मदेशच्या सागवानात, सिलोनच्या चहात, कुठल्याशा देशाच्या आगगाडीत आणि थोडासा आमच्या सोलापुरात. ती पेढी आम्ही कुणी पाहिली नव्हती. वर्षाकाठी तिचा छापील अहवाल यायचा, तो मी न वाचता फायलीला लावायचो.

त्या काळी लोक आपल्या ठेवी गिरणीत ठेवायचे. बँकेची पायरी चढायला माणूस बिचकायचा. गिरणीचा भोंगा रोज कानावर पडतोय म्हणजे पैसा शाबूत, असा साधा हिशेब. ठेव द्यायची ती अण्णांच्या टेबलाशी. पावती इंग्रजीत, आणि तिच्या माथ्यावर नाव छापलेलं एजंट कंपनीचं.

दगडाबाई तिथंच मला पहिल्यांदा दिसली. नवरा मानमोडीच्या साथीत गेलेला, मूलबाळ नाही. कापसाचा कचरा निवडायच्या खात्यात ती दिवसभर बसायची. केसांत, भुवयांत कापूस, आणि छातीत किती गेला असेल ते देवाला ठाऊक. गिरणी सोड नाहीतर हा खोकला तुला सोडणार नाही, असं डॉक्टरनं तिला सांगितलं होतं. तिनंही बेत ठरवलेला होता. तिचा भाऊ कुंडलिक विणकाम शिकला होता. तीनशे रुपये जमले की दोन हातमाग घ्यायचे, त्यानं विणायचं आणि हिनं घरी बसून सुताच्या कांड्या भरायच्या. दर महिन्याला दोन-तीन रुपये घेऊन ती यायची.

"अण्णा, ह्ये गिरणीतच ऱ्हाईल न्हवं?" ती एकदा म्हणाली.

"नाव एजंटांचं आहे, पण घर एकच की," अण्णांनी समजूत घातली. "थोरला भाऊ नि धाकटा भाऊ. हिशेब वेगळा, चूल एक."

यात अण्णांनी कुणाला फसवलं नाही. त्यांना तसंच वाटत होतं. दिवाळीला हापिसात वहीपूजन व्हायचं, तेव्हा दोन्ही वह्या एकाच पाटावर, एकाच हारात असायच्या आणि कुंकू वाहायचे ते अण्णाच. त्यांचे स्वतःचे सहाशे रुपये त्याच ठेवीत होते. ज्यांनी बत्तीस सालापर्यंत ती पूजा पाहिली त्यांना ही दोन घरं आहेत हे कोण पटवणार?

बत्तीस साली मंदीनं एजंट कंपनी बसली. गिरणी बसली नाही. नवे एजंट आले, भोंगा वेळेवर वाजत राहिला. दगडाबाईचे तेव्हा दोनशे ऐंशी रुपये झाले होते. ती पावती घेऊन आली तर नव्या मॅनेजरनं सांगितलं, पावतीवर नाव ज्यांचं त्यांच्याकडं माग.

ठेवीदारांनी कोर्टात दावा लावला, की पैसा गिरणीनंच घेतला, तो गिरणीनं द्यावा. साक्षीदार एकच, पंचाक्षरी अण्णा. साक्षीच्या आदल्या दिवशी दगडाबाई त्यांच्या घरी गेली.

"येवढंच सांगा अण्णा, पैसं समदं एकातच हुतं."

"वहीत जे आहे तेच सांगीन," अण्णा म्हणाले. त्यांना खात्री होती. वही आपल्या हातची आहे, ती आपल्या माणसांच्या विरुद्ध कशी जाईल?

गिरणीनं मुंबईहून आणलेल्या वकिलानं दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या. ठेवीचा एक तरी रुपया गिरणीच्या वहीत जमा आहे का? नाही. कापसासाठी एजंटांनी गिरणीला पैसे दिले, ते कसे लिहिले? कर्जाऊ. परत केले? व्याजासकट, तारीखवार. वकील पानं उलटत होता, आणि एकही आकडा इकडचा तिकडं गेलेला नव्हता. बावीस वर्षांत अण्णांनी दोन वह्यांमधली रेघ कधी ओलांडलीच नव्हती. "इतकी स्वच्छ पुस्तकं मी मुंबईतही पाहिली नाहीत," वकील म्हणाला.

अण्णांचा चेहरा तेव्हा उतरला. आपल्याच वहीनं घरं दोन ठरवली, हे त्यांच्या लक्षात आलं. "साहेब," ते म्हणाले, "दोन्ही वह्यांची पूजा एका पाटावर व्हायची. घर एकच होतं." कोर्टात लोक हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

"घर एकच आहे असं लोकांना सांगायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" वकिलानं विचारलं.

"कुणी नाही," अण्णा म्हणाले.

दावा फेटाळला गेला. बुडालेल्या एजंटांकडून रुपयाला दीड आणा मिळाला. दगडाबाईच्या हातात सव्वीस रुपये चार आणे आले. त्या वर्षी लंडनचा अहवाल मी पहिल्यांदा वाचला. सोलापूरची भानगड त्यात एका ओळीत होती. हिंदुस्थानातली एजन्सी, पेढीच्या हिशेबात आता धरलेली किंमत एक पौंड. भागधारकांना नफ्याचा वाटा नेहमीइतकाच दिला होता. खाली बारीक अक्षरात खुलासा होता, की इथं पेढीचा फक्त स्वतःचा हिशेब दाखवला आहे, हाताखालच्या कंपन्यांची देणीघेणी त्यात मिसळलेली नाहीत. मी तो अहवाल अण्णांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "लिहिलंय बरोबर." मला त्यांचाही राग आला, खोटं कशाला सांगू.

पुढच्याच महिन्यात अण्णांनी नोकरी सोडली. मंगळवार पेठेतल्या एका किराणा दुकानात ते खतावणी लिहायला लागले आणि दर महिन्याला दोन रुपये दगडाबाईला नेऊन द्यायला लागले. ती नाही म्हणायची नाही, आढेवेढेही घ्यायची नाही. हातमागाचं नाव मात्र तिनं पुन्हा काढलं नाही. भोंगा झाला की डोक्यावर पदर घेऊन ती त्याच गिरणीत, त्याच कापसात जाऊन बसायची. अशी तीन वर्षं गेली.

पस्तीस साली तिनं अंथरूण धरलं. अण्णा तिला भेटायला गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. कोर्टात काय झालं ते नीट सांगा, असं ती म्हणाली. आजवर तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अण्णांनी गिरणी, एजंट, लंडनची पेढी, सगळं उलगडून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी तुमी खरंच बोलला."

"होय."

"त्यो वकील बी खरंच बोलला."

"होय."

"कागद बी समदं बरूबर हायती."

"बरोबर आहेत, बाई."

"मग अण्णा, मी हितं अशी का पडली?"

हे मला सांगताना अण्णा लहान मुलासारखे रडले. तिच्यापुढंही ते तसेच रडत बसले होते. तिसऱ्या दिवशी ती गेली.