काटेकाकांचं स्टॉपवॉच

घड्याळ आपणहून खोटं बोलत नाही, ते बिघडतं, असं काटेकाकांचं ठाम मत. बावीस वर्षं डोळ्याला भिंग लावून दुकानात बसलेला माणूस दुसरं काय म्हणणार? म्हणूनच लेकीचं स्टॉपवॉच त्यांनी महिन्याभरात तीनदा उघडलं.

लेक पंधरा वर्षांची. लहानपणापासून घरात तिला खारूताईच म्हणत. आठशे मीटर दोन मिनिटं अठ्ठावीस सेकंदांत पळणारी ही पोर आधी दोन एकतीसवर आली, मग दोन चौतीसवर. रविवारी निवड चाचणी होती. दोन तीसच्या आत आली तरच संघात जागा.

काकांनी स्टॉपवॉच पुसलं, तेल घातलं, भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. तसूभर फरक नाही. मग माशी शिंकली कुठे? घड्याळ मागे पडलं की चावी द्यायची, एवढं त्यांना ठाऊक. त्यांनी लेकीचा गजर पाचवरून साडेचारवर आणला, तिथून सव्वाचारवर. शाळा, शिकवणी आणि अभ्यास उरकून ती अकराला आडवी व्हायची, हा हिशेब त्यांच्या डोक्यात शिरलाच नाही.

"रोग म्हशीला आणि औषध पखालीला," बायको म्हणाली. "घड्याळं कसली उघडताय? पोरीचं तोंड बघा जरा."

काकांनी बघितलं. त्यांना तोंडच दिसलं.

दुकानात त्यांचा एक शिरस्ता होता. दिवसभरात दुरुस्त झालेली गजराची घड्याळं संध्याकाळी पाचला एकदम वाजवून बघायची. आसपासचे दुकानदार त्या गोंगाटावर चहा टाकत. बुधवारी शाळेतून आलेली लेक स्टुलावर बसली आणि तिने काउंटरवर डोकं टेकवलं. पाच वाजले. नऊ घड्याळं कानठळ्या बसतील अशी कोकलली. पोर हलली नाही.

काकांनी आधी घड्याळांकडेच पाहिलं. नऊही बरोबर होती. मग लेकीकडे. त्यांनी घाईघाईने एकेक गजर बंद केला आणि डोळ्यावरचं भिंग न काढताच तिच्यावर वाकले. डोळ्यांखाली काळं. गालावर स्क्रूचा ठसा. श्वास चालू होता. हे आपण केलं, असं त्यांना वाटलं आणि फार वाईट वाटलं.

त्या रात्री नऊलाच त्यांनी दिवा घालवला. गजर लावला नाही. सकाळी सात वाजता लेक उठली ती भांडायलाच.

"बाबा, खेळाचे सर म्हणाले होते, शेवटचे तीन दिवस एकही सकाळ चुकवायची नाही. सगळ्या मुली पळून आल्या असतील!"

"असतील," काका म्हणाले.

"मग मला का नाही उठवलं?"

"मला तरी कुठे कळतंय? पण तू झोप."

तिन्ही दिवस काकांच्या जिवाला थारा नव्हता. सर म्हणतात पळव, पोरीचा चेहरा म्हणतो झोपव. आपण तिची संधी मातीत घालतोय की काय? स्टॉपवॉच चौथ्यांदा उघडायला घेतलं आणि तसंच ठेवून दिलं.

रविवारी तिने रेषा ओलांडली तेव्हा काकांनी स्टॉपवॉचचं बटण दाबलं. दोन एकोणतीस. सरांच्याही घड्याळात दोन एकोणतीस. कमी पळून माणूस लवकर कसा पोचतो, हे कोडं काही त्यांना सुटेना. डोळे मात्र भरून आले.

परतताना बसमध्ये लेक त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपली. त्यांचा थांबा आला आणि गेला. काका उठले नाहीत.

"अहो, कुठे उतरायचंय तुम्हाला?" कंडक्टरने विचारलं.

काकांनी तोंडावर बोट ठेवलं. "ही उठेल तिथे," ते हळूच म्हणाले आणि पुढच्या तिकिटासाठी मोकळ्या हाताने खिसा चाचपू लागले.