प्रयागबाईला फोन लाव

सयाजीचा आवाज एके काळी अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होता. आंबेनळी घाटात मैलकुली म्हणून तीस वर्षं रस्त्यावर काढलेली. दरड आली की वरच्या वळणावरून खालच्या वळणावरच्या गाड्या थांबवायच्या, त्या नुसत्या घशाच्या जोरावर. सरकारने दिलेली शिट्टी त्याने पोराला खेळायला देऊन टाकली होती. असा हा गडी! पण सेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने एकदाही बायकोला नावाने हाक मारलेली नव्हती.

आता अबोला होता असं कुणी समजू नये. बांधावरून त्याने "ओऽऽ गोऽऽ" अशी हाळी दिली की कापणीला वाकलेल्या दहा बायकांतून नेमकी प्रयागबाईच "ओ" द्यायची आणि भाकरीचं फडकं घेऊन यायची. बाकीच्या खुदुखुदु हसायच्या. पण नाव? छे! लग्नात घास भरवताना नाव घ्यायची पाळी आली, तेव्हा "घेतला समजा" म्हणून हा पठ्ठ्या सरळ पाटावरून उठला होता. रेशनच्या बाबूने "पत्नीचं नाव?" विचारलं तर तो कार्ड पुढे सरकवायचा. "त्यात लिवलाय की."

उमरठच्या वाटेवरच्या त्यांच्या वाडीत आता माणसं राहतात अशी पाचच घरं उरली होती. शेजारचा श्रीपत बायको गेल्यापासून एकटाच होता आणि दिवसभर कोंबड्यांशी बोलायचा. अगदी साग्रसंगीत, त्यांची मतं विचारून. प्रयागबाई हसायची, पण सयाजीला काही त्याचं हसू येत नसे.

दसरा होऊन आठवडा झाला होता. दारावर बांधलेलं 'नवं', म्हणजे आंब्याची पानं, भाताची लोंबी, कुरडूचं फूल, अजून पुरतं सुकलंही नव्हतं. कळंबोलीला राहणाऱ्या मुलाचा, प्रवीणचा फोन आला की शनिवार-रविवार सगळे येतोय. झालं! प्रयागबाईने घावण्यांचं पीठ दळून आणलं. सयाजीने फणसाला झोका बांधला, आणि नातवंडांना घाण वाटू नये म्हणून म्हशीला काथ्याने घासघासून आंघोळ घातली. म्हस बिचारी बघतच राहिली.

शनिवारी सकाळी कळंबोलीहून गाडी आली. आठ वर्षांची निशिगंधा उतरली ती थेट झोक्यावर. अडीच वर्षांचा यशराज आधी कोंबड्यांना भ्यायला, मग कोंबड्या त्याला भ्यायल्या. दोन तास घर नुसतं गजबजून गेलं.

जेवताना प्रवीणने घसा खाकरला. "बाबा, समीक्षाला नोकरी लागलीय. सोमवारी हजर व्हायचंय. यशला बघणारी बाई सोडून गेली. आईला नेऊ म्हणतोय."

"कवा?"

"उद्याच."

"किती दिवस?"

प्रवीण ताटातलं घावन कुस्करत बसला. "तो शाळेत जायला लागेपर्यंत." मग घाईघाईने म्हणाला, "तुम्हीपण चला ना."

"आन् म्हशीला काय मांडीवर घिऊन बसू?" सयाजी म्हणाला. एकदा तो गेला होता कळंबोलीला. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली उभ्या प्रवीणला त्याने हाळी दिली, तर चारही मजल्यांवरची माणसं बाहेर आली. चौथ्या दिवशी तो वाडीत परत हजर होता. शिवाय भात कापणीला आलेलं, आणि तिथे जागा ती केवढी, हे प्रवीणलाही ठाऊक होतं. त्याने पुन्हा आग्रह केला नाही.

"आई, तुमच्या मनात असेल तरच हं," समीक्षा म्हणाली. पोर मनाने चांगली.

प्रयागबाईने मुलाकडे पाहिलं नाही, सुनेकडे पाहिलं नाही. "हे सांगतील तसा," म्हणाली आणि सयाजीकडे बघत राहिली.

सयाजी हात धुऊन तडक शेतावर निघून गेला. बांधावर बसला. पिवळं भात वाऱ्यावर सळसळत होतं आणि माणूस म्हणून आसपास कुणी नव्हतं. तो 'नको' म्हणाला असता तर प्रयागबाई चकार शब्द न काढता राहिली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेच तर अवघड झालं होतं. दोन वर्षं! सकाळी उठून कुणावर डाफरायचं? 'चहात साखर नाय' हे कुणाला सांगायचं? त्याला श्रीपतच्या कोंबड्या आठवल्या. घाटात एवढ्या दरडी कोसळल्या तेव्हा भ्याला नव्हता, तो माणूस त्या उन्हात बसून खरोखर भ्याला.

परत आला तेव्हा प्रयागबाई ओटीवर बसली होती आणि यशराज तिच्या मांडीवर झोपला होता. मांडीला मुंग्या आलेल्या, चेहरा कळवळलेला, पण बाई हलायला तयार नव्हती. आणि त्या कळवळलेल्या चेहऱ्यावर असं काही सुख होतं, की सयाजीने ते कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"जा तू," तो म्हणाला.

"आन् भात?"

"कापीन. माणसा घेईन हाताखाली."

"जेवनाचा काय?"

"येतंय मला."

"काय येतंय? डोंबल?" मग तिचा आवाज एकदम चढला. "एवढ्या बिगीनं हो म्हनलात? जरा इचार तरी करायचा!" संध्याकाळभर चुलीपाशी भांडी आदळत होती. सयाजीला कळेना, हो म्हटलं तरी आपणच वाईट कसे.

रविवारी सकाळी प्रयागबाईने त्याला तांदळाच्या भाकरीची उकड कशी काढायची ते दाखवलं. त्याने थापलेली भाकरी बघून निशिगंधा म्हणाली, "आबा, हा तर भारताचा नकाशा!" मग पोरीने वडिलांचा जुना फोन आणला. सयाजीला बारीक अक्षर दिसत नसे, आतापर्यंत बटणं प्रयागबाईच दाबायची. तिचा साधा फोन तर तिच्याबरोबर जाणार होता.

"यात नुसतं बोलायचं, आबा. 'अमक्याला फोन लाव' म्हटलं की लागतो." रेंज ओटीच्या टोकाच्या खांबापाशीच यायची, म्हणून सगळे तिथे जमले. "म्हणा, आजीला काय म्हणता?"

"अगो."

फोन म्हणाला, "माफ करा, मला समजलं नाही."

"मग 'आजी' म्हनतो," सयाजी म्हणाला.

"आजी म्हटलं तर पनवेलच्या आजीला लागतो. मीच भरलंय तसं. हिचं नाव टाकलंय, प्रयागबाई. म्हणा आता."

सयाजीने छपराकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात प्रयागबाई पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. तिचे कान इकडेच होते. तो खांबाला तोंड लावून पुटपुटला, "प्रयाग..."

"प्रयागराजमध्ये आज आकाश निरभ्र राहील," फोनने ठणकावून सांगितलं.

काय हसले सगळे! यशराजला काही कळलं नव्हतं, तोसुद्धा टाळ्या पिटत होता. सयाजीचे कान तापले. "ठेव तो डबा तिकडं!" तो ओरडला आणि पुन्हा काही केल्या म्हणेना. दारातली प्रयागबाई आत निघून गेली. ती हसली नव्हती.

दुपारी गाडी निघाली. खिडकीतून ती मीठ कुठल्या डब्यात, सरपण कुठल्या कोपऱ्यात, सांगतच होती आणि हा नुसता "व्हय, व्हय" करत होता. त्याला वेगळंच काहीतरी म्हणायचं होतं. ते तोंडात जुळेपर्यंत गाडी हललीसुद्धा. "आबा, नाव नीट म्हणा!" निशिगंधा ओरडली. धूळ बसेपर्यंत तो उभा राहिला. मग फणसाचा झोका सोडायला गेला आणि न सोडताच परत आला.

दिवस कलला तसा तो चरवी घेऊन गोठ्यात बसला. म्हशीला प्रयागबाईच्या हाताची सवय. तिने आधी वास घेतला, मग लाथ झाडली. चरवी एकीकडे, सयाजी एकीकडे. चुचकारलं, शिव्या दिल्या, पेंड दाखवली. म्हस काही पान्हा सोडेना.

शेवटी तो फोन घेऊन खांबापाशी आला. इकडेतिकडे बघितलं. श्रीपत आपल्या अंगणात कोंबड्या डालत होता. सयाजी हळूच पुटपुटला. प्रयागराजचं आकाश निरभ्र होतं. पुन्हा पुटपुटला. अजूनही निरभ्रच होतं. आता मात्र त्याचं टाळकं सटकलं. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि घाटातला तो जुना आवाज काढला, "प्रयागबाईलाऽऽ फोन लाऽऽव!"

समोरच्या डोंगरावरून नाव परत आलं. श्रीपत हातातली कोंबडी तशीच धरून उभा राहिला. फोन निमूटपणे म्हणाला, "प्रयागबाईला फोन लावत आहे."

"कोन?"

"मी. पोचलात?"

"आताच पोचलो. फोन कोनी लावून दिला?"

"कोनी नाय. मीच लावला."

मग तिने विचारलं, "काय म्हनून?"

"म्हस पान्हा सोडत नाय."

"ते नाय इचारलं. फोनला काय म्हनलात?"

श्रीपत निर्लज्जासारखा कान देऊन ऐकत होता. ऐकू दे मेल्याला, सयाजीला वाटलं. खांब घट्ट धरून तो अगदी हळू म्हणाला, "प्रयाग."

आणि तिकडून, बांधावर द्यायची तशीच, तिने ओ दिली.

अशी ओ आली की मागोमाग ती यायची. सयाजी फोन कानाला धरून सवयीने वाटेकडे बघत उभा राहिला.